सकूबाईची मोनाली

सकूबाई गजभियेला मी पहिल्यांदा पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. एका बाजूला रेतीनं भरलेला टिप्पर थांबलेला, दुसऱ्या बाजूला तुमसरकडे निघालेली आमची गाडी. हातात बांबूची काठी आणि काठीच्या टोकाला जुन्या लाल पोलक्याचा तुकडा बांधलेला. आमचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. तिनं मान वळवून एकदाच त्याच्याकडे पाहिलं.

"वाजव बापा, वाजव. घाई तुले हाय, मले नाई."

रस्त्याच्या कडेला शाळेची मुलं दोघादोघांच्या जोडीनं हात धरून उभी होती. रस्ता आता दोन्हीकडून मोकळा होता, तरी ती निघत नव्हती. सगळी समोर बघत होती. समोर, रस्त्याच्या पलीकडे, एक बाभळीचं झाड होतं. त्याखाली कोणी नव्हतं.

"काय म्हनते?" सकूबाईनं विचारलं.

"या म्हनते!" मुलं एका सुरात ओरडली. दोघातिघांनी बाभळीकडे बघून हात हलवले आणि रांग रस्ता ओलांडून गेली.

माझा तो त्या शाळेतला पहिला दिवस होता. जिल्ह्याचे दोन भाग होऊन काही वर्षं झाली होती. माझं माहेर गोंदियाकडे गेलं होतं, नोकरी भंडाऱ्याच्या वाट्याला राहिली होती, आणि बदलीच्या आदेशात हे गाव आलं होतं. मी उतरले आणि मुलांच्या मागोमाग चालू लागले. रांगेत सर्वांत मागे एक लहानशी मुलगी होती. तिचं नाव छकुली, पहिलीतली. मी तिला विचारलं, "तू हात कोणाला केलास गं?"

"मोनाली दीदीले."

"कुठे आहे ती?"

"थे काय, बाभळीखाली. तुमाले नाई दिसत?" तिनं हे इतक्या सहज विचारलं, की मी खरोखर मागे वळून पाहिलं.

शाळेच्या फाटकाशी सकूबाई थांबली. प्रत्येक मुलाच्या डोक्याला हात लावून त्याला आत सोडलं. शेवटचं मूल आत गेल्यावर कमरेची पिशवी काढून चिमूटभर तंबाखू दाढेखाली धरली. मग माझ्याकडे वळली.

"नवीन मॅडम काय? कायनं आल्या?"

"बसनं."

"उतरल्यावर बसच्या मांगून-समोरून कधी नोका जाऊ. बस जाऊ द्यायची. पूरा रस्ता दिसला, का मंग पाय टाकायचा."

नाव-गाव विचारण्याआधी ती हे सांगायची. मलाच नाही, सर्वांना. शाळा तपासायला आलेल्या साहेबालाही तिनं हेच सांगितलं होतं आणि साहेब गाडीत बसता बसता थबकले होते.

आमची शाळा गावात, आणि बोरटोली ही वस्ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, तलावापलीकडे. टोलीतली मुलं तलावाच्या पारीवरून, मातीच्या बांधावरून, चालत रस्त्यापर्यंत येत. तिथून शाळा हाकेच्या अंतरावर, पण मध्ये भंडारा-तुमसर रस्ता. नदीवरून भरून निघालेले टिप्पर, माणसं लटकलेल्या काळ्यापिवळ्या जीपगाड्या, आणि वरठीच्या कारखान्याची पाळी सुटली की मोटारसायकलींची माळ. तो रस्ता ओलांडून देण्याचं काम सकूबाईला कोणी दिलं नव्हतं. ती धानाच्या बांध्यांत मजुरी करायची. तिचा नवरा राईस मिलवर हमाल होता. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत सगळ्या बाया सकाळीच चिखलात उतरत, ही मात्र पोरं शाळेत पोचवून मग जायची. मालक कुरकुरायचे, पण तिच्याइतका भरभर रोवणारा हात दुसरा नव्हता, म्हणून चालवून घ्यायचे.

तिच्या काही रीती होत्या. रस्त्यावर आणण्याआधी, पारीच्या टोकाला, ती सगळ्या मुलांना उभं करून त्यांच्या चपला बघायची. चेहरा धुतलाय का, दप्तर आणलंय का, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पण चपलेचा अंगठा सैल असला, पट्टा निसटत असला की ती तिथेच खाली बसायची. पदराला टाचण्या लावलेल्या असत, कमरेला सुतळी. चप्पल घट्ट बांधूनच पुढे सोडायची. मोठ्या भावाची चप्पल घालून आलेल्या मुलाला तिनं एकदा चपला हातात घेऊन अनवाणी रस्ता ओलांडायला लावला. "पायातून निंगनारी चप्पल घालाची नाई," ती म्हणाली. तिचा आवाज एरवी कडक नव्हता. त्या वेळी होता.

हे सगळं कुठून आलं ते मला मुख्याध्यापक लांजेवार गुरुजींनी सांगितलं. डबे खाऊन झाल्यावर आम्ही ओसरीत बसलो होतो. मी बाभळीचा विषय काढला. गुरुजींनी आधी मुलं जवळपास नाहीत ना ते पाहिलं.

मोनाली ही सकूबाईची एकुलती पोर. आमच्या शाळेची सर्वांत वरची इयत्ता संपवून ती मोहाडीच्या शाळेत जायला लागली होती. काळ्यापिवळ्या जीपनं जायची-यायची. जीपमध्ये जागा नसायचीच. मुलं मागच्या पायरीवर उभी राहत. एका दुपारी जीपवाल्यानं तिला टोलीच्या बाजूला न उतरवता पलीकडे, बाभळीपाशी उतरवलं. घर समोर दिसत होतं. ती जीपच्या मागून धावत निघाली आणि भरधाव टिप्पर आला. केस चालली. जीप आडवी होती, पोरगी अचानक समोर आली, असं ठरून टिप्परवाला सुटला. जीपवाल्यानं तो मार्गच सोडून दिला.

"हे झालं ते झालं," गुरुजी म्हणाले. "त्याच्या पुढे काय झालं ते ऐका. टोलीची पोरं शाळेत यायची बंद झाली."

कारण टोलीत बोललं जाऊ लागलं, की मोनाली तिथंच आहे. कोणाला तिन्हीसांजेला बाभळीखाली निळा फ्रॉक दिसला. कोणी सांगितलं, ती पोरांना हात करून रस्त्यावर बोलावते. मुलं तापानं फणफणली. आईबापांनी काहींना मामाच्या गावी धाडलं, काहींना ढोरांमागे लावलं. काही घरांनी मुलांना त्याच खच्चून भरलेल्या जीपमध्ये कोंबून दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवलं, म्हणजे त्या जागी पायी जायला नको. आमच्या शाळेचा पट इतका घसरला, की शाळाच बंद होते की काय असं झालं.

सकूबाईच्या कानावर हे बोअरिंगवर पाणी भरताना आलं. कोणीतरी आपल्या रडणाऱ्या पोराला भीती घालत होतं, "उगा राय, नाईतं मोनाली येईन." सकूबाईनं भरलेला हंडा तिथंच ठेवला आणि घरी गेली. लेक गेल्यापासून पाण्यापुरतं सोडलं तर ती घराबाहेर निघाली नव्हती म्हणा ना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोलीत दारोदार फिरली.

"माह्या पोरीले भूत कोन म्हनते?" ती प्रत्येक दारात विचारत होती. "थे तुमच्या पोट्ट्यायच्या संगं खेळली. थे त्यायले काय करन? थे तिथं उभी हाय थे रस्ता दाखवाले उभी हाय. पाठवा पोट्टे. मी जातो संगं."

पहिल्या दिवशी दोनच मुलं निघाली. ती भीतीनं थरथरत होती. सकूबाईनं त्यांना कडेला उभं केलं आणि बाभळीकडे बोट दाखवलं. "तिले इचारा. गाडी नसंन तं थे या म्हनन." मुलांनी बघितलं. रस्ता मोकळा झाला. एक मूल हळूच म्हणालं, "या म्हनते." आणि ते ओलांडून गेले.

"मी तिला सांगितलं होतं," गुरुजी म्हणाले, "की बाई, मुलांच्या डोक्यात हे असं भरणं बरं नाही. ती म्हणाली, गुरुजी, भरलं तर तुमच्या गावानंच. मी फक्त त्याचं तोंड फिरवलं."

टोलीत बौद्ध वस्ती मोठी. विहारात दर पौर्णिमेला लोक जमत. तिथले वडीलधारे खोब्रागडे काका जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीतून निवृत्त होऊन तिथलं क्वार्टर सोडून गावी आलेले, शिस्तीचे, वाचन असलेले. त्यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. एका पौर्णिमेला त्यांनी सकूबाईला सर्वांसमोर विचारलं. मीही त्या दिवशी होते. आमच्याही घरी तोच धम्म, म्हणून मला बोलावत.

"सकू, आपल्या बापजाद्यानं हे भूतखेत, देवदेवस्की सोडली. कायले सोडली? आन तू लेकरायले सकाळी सकाळी भूत दाखवून राहिली?"

सकूबाई मागे भिंतीला टेकून बसली होती. उठली नाही.

"काका, भूत मी नाई म्हनत. भूत तुमी म्हनता."

"मंग काय म्हनाचं त्याले?"

"मोनाली म्हना. नाव हाय तिले."

खोब्रागडे काकांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा नातूही त्याच रांगेतून शाळेत येत होता.

मला ती त्या काळात भीतिदायक वाटायची हे सांगायला हवं. सकाळी धुक्यात तलावाच्या पारीवरून ती रांग यायची तेव्हा आधी काठीवरचं लाल फडकं दिसायचं, मग माणसं. कडेला येऊन सगळी निश्चल उभी राहायची. टिप्परचा आवाज जाईपर्यंत एक शब्द नाही. मग "काय म्हनते?" आणि "या म्हनते!" मी पलीकडे, बाभळीच्या बाजूला, फाटकाशी उभी असायची. मुलं बघत होती ती दिशा माझ्याकडेच यायची. त्यांच्या नजरा माझ्या खांद्याच्या थोड्या डावीकडे स्थिर असत. मी कधी डावीकडे सरकले नाही.

पण ती हसवायचीही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या काही सुखवस्तू घरांची मुलं भंडाऱ्याच्या बाजूच्या एका कॉन्व्हेंटात जात. त्यांची व्हॅन याच रस्त्यानं जायची. एका सकाळी सकूबाईनं काठी आडवी धरून ती व्हॅन थांबवली आणि मागचं दार उघडलं. आत गॅसच्या टाकीवर मुलं, मुलांच्या मांडीवर मुलं. एकाचं तोंड तर काचेला चपटं झालेलं.

"उतरा," ती म्हणाली.

व्हॅनवाला ओरडत खाली आला. तिनं लक्ष दिलं नाही. मांडीवरची सगळी मुलं टाय-बुटांसह खाली घेतली आणि टोलीच्या रांगेत जोड्या लावून उभी केली. तेवढ्यात कोणाची तरी आई स्कूटरवर आली. भांडण झालं.

"तुमाले काय अधिकार हाय?" ती आई ओरडली.

"काईच नाई," सकूबाई म्हणाली. "लेकरू तुमचंच होय ना? मंग धानाच्या पोत्यावानी कायले भरता? धानबी असं नाई भरत कोनी, फुटते."

ती आई रागारागानं मुलगा घेऊन गेली. पण पुढे काही दिवसांनी त्याच मुलाला घेऊन ती सकाळी पारीच्या टोकाला आली आणि म्हणाली, "आमच्या घरापासून शाळेपर्यंत हा एकटा चालत येतो म्हणतो. रस्त्यापुरतं बघाल का?" तो आमच्या शाळेत दुसरीत बसला. एक मुलगा म्हणजे आमच्या पटाला मोठीच गोष्ट. व्हॅनवाला मात्र, तिनं पुन्हा अडवू नये म्हणून, बाभळीच्या अलीकडेच काही मुलांना उतरवून सकूबाईच्या रांगेतून पाठवायचा आणि पुढे पुन्हा भरायचा. तिला ते कळत होतं. "तेवढा तरी रस्ता पायी आले," ती म्हणायची.

त्या रस्त्यावर एक टिप्परवाला होता, मुलांनी त्याचं नाव 'थांबणारा काका' ठेवलं होतं. बाकीचे टिप्पर लाल फडकं दिसल्यावर करकचून ब्रेक दाबत, शिव्या देत. हा खूप लांबूनच गाडी हळू करायचा आणि चांगला दूर थांबून इंजिन बंद करायचा. रांग जाईपर्यंत स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसायचा. मुलं त्यालाही हात करायची. तो करायचा नाही. सकूबाई त्याच्याकडे कधी पाहायची नाही. पाठ करूनच उभी राहायची. मी गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "तोच तो." बपेऱ्याच्या पुढे, नदीपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या एका गावचा. सुटल्यावर काही वर्षं दुसरीकडे गाडी चालवली आणि मग पुन्हा याच मार्गावर आला. टोलीत हे मोठ्यांना ठाऊक होतं. मुलांना कोणी सांगितलं नव्हतं.

थंडीच्या दिवसांतली ती सकाळ. मुलं ओलांडून माझ्याकडे आली होती, सकूबाई अजून रस्त्यावरच होती. टिप्परचं दार उघडलं. तो खाली उतरला. वयानं फार नव्हता, पण केस पिकले होते. गमछा हातात चुरगाळत तो तिच्यापासून काही अंतरावर येऊन थांबला. मी त्यांच्याकडे जावं की मुलांना आत न्यावं, हे मला ठरवता येईना. मी मुलांना गुरुजींकडे पिटाळलं आणि तिच्याजवळ गेले.

"बाई," तो म्हणाला. "एक बात सांगाची होती."

सकूबाई पाठमोरीच.

"तुमचे पोट्टे इथं थांबतेत, तिकडे पायतेत. मले मालूम हाय कोनाले पायतेत." तो एक पाऊल पुढे आला. "बाई, मले बी दिसते. सच्ची. म्हनून मी इंजन बंद करतो."

आता ती वळली. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडे पहिल्यांदा पाहिलं असावं. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. तिथे राग नव्हता. अधाशासारखी घाई होती, जी मी तिच्यात कधी पाहिली नव्हती.

"कसी दिसते?"

त्यानं बाभळीकडे पाहिलं.

"सांग ना गा. काय घालून असते?"

"निळा फ्राक. शाळेचा."

"आन?"

"एकाच पायात चप्पल हाय."

सकूबाईचा हात काठीवर घट्ट झाला. "हासते का?"

"नाई बाई," तो म्हणाला. "नुसती पायते."

मागे गाड्यांची रांग लागली होती. मोटारसायकलवाले वाट काढत आमच्या दोन्ही बाजूंनी जात होते. सकूबाई म्हणाली, "जा. गाडी काढ. लोकं खोळंबले."

तो गेला. तिला मी धरून शाळेच्या ओसरीत आणलं. पाणी दिलं, ते तिनं नुसतं हातात धरलं. अपघाताच्या दिवशी जीपपाशी एकच चप्पल सापडली होती. दुसरी शोधत ती स्वतः रस्त्याच्या खाली, बेशरमच्या झुडपात उतरली होती, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. चपलेचा पट्टा आधीच तुटलेला होता. सकाळी मोनाली म्हणाली होती, आई, निसटते. ती म्हणाली होती, आल्यावर शिवू.

"खरं आहे मग," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "तुम्हाला दिसते तशीच त्यालाही..."

"मले?" ती म्हणाली. "मॅडम, मले कधीच नाई दिसली."

मला आधी कळलंच नाही.

"एकदाबी नाई. पोट्ट्यायले दिसते, छकुलीले तं पहिल्या दिवशीच दिसली. त्या टिप्परवाल्याले दिसते. ज्यानं मारली त्याले दिसते." तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "मी रोज उभी रायतो. टक लावून पायतो. मले बाभूळच दिसते."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडत नव्हती.

"सगळे म्हनतेत, सकू पोट्ट्यायसाठी येते. पोट्ट्यायसाठी आली असन पहिले. मंग मले वाटे, यायले दिसते तं आज ना उद्या मलेबी दिसन. म्हनून येत होती. त्यायले त्या जागी उभं ठेवत होती, पाऊस असो का ऊन असो. आता हा सांगून गेला, थे हासत नाई म्हने."

त्यानंतर ती आली नाही. पहिल्या दिवशी मी आणि गुरुजी जाऊन उभे राहिलो. मुलं कडेला आली, पण "काय म्हनते" विचारायला कोणी नव्हतं आणि ती पाय उचलेनात. शेवटी छकुलीनंच विचारलं, छकुलीनंच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी छकुलीची आई काठी घेऊन आली. नंतर व्हॅनमधून मुलगा काढणारी ती बाई आली. टोलीतल्या बायांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या. त्यांच्यातल्या कोणालाही रस्त्याची सवय नव्हती. टिप्पर दिसला की स्वतःच मागे सरायच्या आणि मग एकमेकींना हसायच्या. पण आल्या.

सकूबाई परत आली ती कुदळ घेऊन. सोबत गोविंदा होता, तलावात जाळं टाकून मासे धरणारा. पाण्याला, सापाला न भिणारा माणूस. रस्त्याच्या खाली एक जुनी मोरी होती. पावसाळ्यात तलाव भरला की जास्तीचं पाणी त्या मोरीतून पलीकडे शेतांकडे जायचं. वर्षानुवर्षं कोणी साफ न केल्यानं ती गाळानं आणि बेशरमनं बुजून गेली होती. मोठं माणूस वाकून जाईल एवढी तिची उंची होती, मूल तर उभंच जाईल.

"पोट्टे वरून जाऊच नये," ती मला म्हणाली. "त्या जागेवर कोनी उभंच राहू नये."

गोविंदा पहिल्यांदा आत शिरला आणि काय काय बाहेर फेकत राहिला. दुपारी खोब्रागडे काका फॅक्टरीच्या जुन्या बुटांत पाय घालून आले. संध्याकाळपर्यंत टोलीतली बरीच माणसं चिखलात होती. पुढच्या दिवसांत त्यांनी आत एका कडेनं दगड बसवून पायवाट केली, भिंतीला चुना मारला. पाऊस लागला की मोरीतून पाणी वाहणार, तेव्हा पुन्हा वरूनच जायचं, पाळ्या लावून. पण बाकीचं वर्ष खालून.

मोरी साफ होत होती तेव्हा सकूबाई मोरीच्या तोंडापाशी निघालेला गाळ हातानं चिवडत बसायची. काय शोधते ते मी विचारलं नाही. तिला काही सापडलं असेल तर तिनं ते कोणाला दाखवलं नाही.

पहिल्या दिवशी मुलं मोरीतून गेली तेव्हा मी पलीकडच्या तोंडाशी उभी होते. डोक्यावरून टिप्पर गेला आणि सगळी मोरी घुमली. मुलं किंचाळली, मग त्यांना आपल्याच किंचाळण्याची मजा वाटली आणि ती ओरडत ओरडत बाहेर आली. सकूबाई शेवटी, वाकून, छकुलीचा हात धरून. बाहेर येताच छकुली थांबली.

"मावशी, मोनाली दीदी वर एकटीच राहीन ना?"

काही मुलांनी वर बाभळीकडे पाहिलं. सकूबाई तिच्यासमोर खाली बसली. तिच्या चपलेचा पट्टा ठीक होता, तरी तिनं तो पुन्हा आवळला.

"नाई रायत," ती म्हणाली. "थे मोठी झाली आता. तिची शाळा सुटली."

छकुलीनं थोडा विचार केला. "कुठी गेली?"

"मले सांगून नाई गेली, माय," सकूबाई म्हणाली. "चाल, घंटा झाली."

त्यानंतर मुलांनी मोनालीचं नाव काढल्याचं मी ऐकलं नाही. मुलं विसरतात. थांबणारा काका काही महिने अजून तिथं थांबायचा. वर रस्त्यावर कोणी नसताना, मुलं खालून जाताना, तो इंजिन बंद करून बसायचा. मग त्याचाही मार्ग बदलला असावा. सकूबाई मुलांना मोरीपर्यंत आणायची, फाटकाशी डोक्याला हात लावून आत सोडायची, तंबाखू दाढेखाली धरायची. पूर्वीसारखीच. फक्त बोलणं कमी झालं होतं, आणि चालताना ती बाभळीकडे पाठ येईल अशी बाजू धरायची.

माझी बदली पवनीकडे झाली. नंतरच्या वर्षांत तिची गाठ एकदाच पडली, भंडाऱ्याच्या बसस्टँडबाहेर. मी ओळखलं ते तिच्या उभं राहण्यावरून. अंगानं वाळली होती. छकुलीला नर्सिंगच्या शिक्षणासाठी नागपूरच्या गाडीत बसवून द्यायला आली होती. छकुलीची आई आजारी, म्हणून ही. गाडी गेली होती.

"तुमी कोनीकडे?" तिनं विचारलं.

"पलीकडे, बाजारात. या ना, चहा घेऊ."

आम्ही रस्त्याच्या कडेला आलो. दोन्हीकडून गाड्या, ऑटो, स्कूटर. मी दोनदा पुढे झाले, ती हलली नाही. मला वाटलं, ती पूर्ण रस्ता दिसायची वाट बघतेय. मग माझ्या मनगटावर तिची बोटं रुतली. हात गार होता आणि घामानं ओला. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"सकूबाई?"

"चाला तुमी," ती म्हणाली. "मी मांगं हाय. मले रस्त्याचा लय भेव वाटते, मॅडम. पहिलेपासून."

"पण तुम्ही तर रोज..."

"तेव्हा लेकरायचा हात धरून राहे ना."

मी तिला ओढतच पलीकडे नेलं. फुटपाथवर चढल्यावरही तिनं मनगट सोडलं नाही. चहा नको म्हणाली. तशीच उभी राहून बोलली, मी काही विचारलं नव्हतं.

"मोनाली असी सरळ कधी चालेच ना. दोन पावलं चाले, एक उडी मारे. मी म्हनो, नीट चाल वं. थे म्हने, आई, असं चाललं का लवकर येते शाळा."

ती हे सांगताना हसत होती. मग तिनं बोटं सोडली, पदर डोक्यावर घेतला आणि दुकानांच्या भिंतीला अगदी लागून, एका हातानं शटर चाचपत, पुढे निघाली. बाजारातल्या गर्दीत तिचं डोकं दिसेनासं होईपर्यंत मी तिथेच होते. टोलीची गाडी धरायला स्टँडवर जायचं तर तिला तोच रस्ता पुन्हा ओलांडावा लागणार होता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तिच्या मागे धावले. ती मला सापडली नाही.